चिठ्ठ्या दोन, शक्यता किती?



दर मंगळवारी संत अंतोनींची भक्ती आटोपली की सुकलेली फुले, मेणबत्त्यांचे ओघळ आणि पुतळ्याच्या पायाशी ठेवलेले कागद आवरायचे काम आम्हा दोघी-तिघींकडे असते. कागदांत बहुतेक याचनेच्या नाहीतर आभाराच्या चिठ्ठ्या असतात. त्या आम्ही न वाचता फादरांकडे देतो. पण अलीकडे एक वेगळा प्रकार वाढला आहे. सारख्या मापाचे, सारखी घडी घातलेले दोन कागद असतात आणि त्यांतला एक उघडा पडलेला असतो. उघड्यावर ‘हो’ असते किंवा ‘नको’, कधी ‘जा’, कधी ‘थांब’. एकदा नुसते ‘ऑपरेशन’ एवढेच लिहिलेले होते. दोन चिठ्ठ्या टाकायच्या, ‘हे आमच्या पित्या’ म्हणायचे, घरातल्या लहान मुलाला एक उचलायला लावायची आणि जे निघेल ती देवाची इच्छा समजून घरी जायचे, अशी ही रीत.

या रीतीविषयी आज स्पष्ट लिहिणार आहे. चिठ्ठी टाकणाऱ्याच्या श्रद्धेवर माझा आक्षेप नाही. ज्या घरातून ती चिठ्ठी आली तिथे चार रात्री कुणी झोपलेले नसते, हे मला ठाऊक आहे. पण माझे मत असे की बहुतेक वेळा ही चिठ्ठी देवाला विचारलेला प्रश्न नसतेच. जो विचार आपण बसून करायला हवा तो त्या घडीत गुंडाळून आपण वेदीपाशी ठेवून येतो.

आधी साधी गोष्ट. दृढीकरणाच्या वर्गात मी मुलांना विचारले, “यंदा फेस्ताच्या दिवशी पाऊस पडेल का?” एक मुलगा लगेच म्हणाला, “टीचर, पडेल नाहीतर नाही पडणार. म्हणजे फिफ्टी-फिफ्टी.” सगळा वर्ग हसला, कारण आमचे फेस्त जानेवारीत असते आणि बेळगावकडे जानेवारीत पाऊस क्वचितच कुणी पाहिला असेल. मुले हसली ते बरे झाले. हीच चूक मोठी माणसे करतात तेव्हा कुणी हसत नाही. ‘धंदा चालेल नाहीतर बुडेल’, ‘गाठ साधी असेल नाहीतर वाईट असेल’ असे आपण म्हणतो आणि दोन शब्द उच्चारले म्हणून दोन्ही बाजू सारख्याच जड आहेत असे मनात धरून चालतो.

शक्यता दोन आहेत याचा अर्थ त्या सारख्या आहेत असा होत नाही. दोन फासे टाकले तर बेरीज २ पासून १२ पर्यंत काहीही येऊ शकते. बेरजा अकरा प्रकारच्या, पण ७ येण्याच्या तऱ्हा सहा आहेत आणि १२ येण्याची एकच. एकूण ३६ तऱ्हा. ज्याने नुसत्या बेरजा मोजल्या आणि तऱ्हा मोजल्या नाहीत तो फसला.

मी आर्ट्सची पदवीधर, गणिताशी माझे सख्य बेताचेच. म्हणून या बाबतीत थोरामोठ्यांचीही गाडी घसरली होती हे वाचून बरे वाटले. द’आलंबेर हे फ्रान्समधले नामांकित गणिती. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्यांनी तिथल्या प्रसिद्ध विश्वकोशाच्या १७५४ सालच्या खंडात घेतला. ते म्हणाले, पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ तिथेच संपला. म्हणजे शक्यता तीनच: छापा, काट्यानंतर छापा, आणि दोन्ही वेळा काटा. तीनपैकी दोन आपल्या बाजूच्या, म्हणून उत्तर दोन-तृतीयांश. ऐकायला पटते. पण त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली एकटी अर्धे वजन घेऊन बसली आहे आणि उरलेल्या दोघी पाव-पाव. खरे उत्तर तीन-चतुर्थांश. आमच्या मुलांनी दहा-दहा रुपयांची नाणी घेऊन अर्धा तास हा खेळ केला, फळ्यावर रेघा मारल्या आणि द’आलंबेरसाहेब हरले. फादर डोकावून गेले. कॅटेकिझमच्या तासाला नाणी कसली उडवताय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. हा लेख म्हणजे त्याचेच उत्तर समजा.

आता चिठ्ठीकडे या. दोन सारखे कागद, डोळे मिटलेले मूल. ‘हो’ निघण्याची शक्यता अर्धी, ‘नको’ची अर्धी. कागदाला तुमच्या प्रश्नातले काहीच माहीत नसते. बाहेर एका बाजूला नव्वद आणि दुसऱ्या बाजूला दहा असे वजन असेल तरी टोपलीत दोन्ही समान होतात. तुम्हाला जे माहीत होते, डॉक्टरने जे सांगितले, शेजाऱ्याच्या अनुभवातून जे दिसले, ते सगळे त्या घडीत पुसले जाते. देवाने दिलेली बुद्धी आणि माहिती बाजूला ठेवायची आणि मग त्यालाच विचारायचे, ‘आता तू सांग’. मला यात नम्रता दिसत नाही.

आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण घ्या. मुलाला आखातात पाठवायचे आहे, एजंट अडीच लाख मागतो आहे. घरात चिठ्ठ्या पडतात: ‘पाठव’, ‘नको पाठवू’. पण कागद घेऊन बसलात तर शक्यता दोन राहत नाहीत. व्हिसा येईल आणि सांगितलेली नोकरीच मिळेल. व्हिसा येईल, पण काम दुसरेच आणि पगार निम्मा. व्हिजिट व्हिसावर पाठवतील आणि तिथे गेल्यावर वाऱ्यावर सोडतील. किंवा काहीच येणार नाही आणि एजंटचा फोन लागणार नाही. यांतली कुठली किती जड, हे बरेचसे आधीच पडताळता येते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी अशी मर्यादा आहे. मग जो अडीच लाख मागतो आणि ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याबाबत चिठ्ठी कसली टाकायची? तिथे ‘पाठव’ निघाले तर ती देवाची इच्छा की एजंटची?

आणि पाठवायचे ठरलेच, तर शेत गहाण आणि बायकोचे दागिनेही गहाण, असे सगळे एकाच घोड्यावर लावू नका. उपदेशकाच्या पुस्तकातला अकरावा अध्याय काढून पाहा. पुढे कोणते संकट येईल ते माणसाला कळत नाही, म्हणून आपले आहे ते सात-आठ ठिकाणी वाटून ठेवावे, असा व्यवहारी सल्ला तिथे पवित्र शास्त्रच देते. उद्याचे ठाऊक नाही, हे त्या लेखकाने मान्य केले आहे आणि त्यावरचा त्याचा उपाय चिठ्ठी नाही.

यावर मला नेहमी ऐकवले जाते, “पण टीचर, बायबलमध्येच चिठ्ठ्या आहेत की!” आहेत. त्या कुठे आहेत ते नीट बघू या. यहोशवाच्या काळात वचनदत्त भूमी वंशावंशांत वाटताना चिठ्ठ्या पडल्या. मंदिरात धूप जाळायला कोणत्या याजकाने जायचे हे चिठ्ठीने ठरले आणि तो मान जखऱ्याला मिळाला. यहूदाची जागा भरताना मत्थियाच्या नावाची चिठ्ठी निघाली. या तिन्ही ठिकाणी चिठ्ठी बरोबरीच्यांमध्ये पडली आहे. धूप जाळायला सगळे याजक सारखेच पात्र होते. मत्थियाच्या वेळी तर पेत्राने आधी अट घातली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो सतत प्रभूच्या संगतीत होता तोच हवा. त्या चाळणीतून दोघे उरले, दोघेही योग्य. मग प्रार्थना झाली आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातही चिठ्ठीचे काम भांडण मिटवणे असे सांगितले आहे. सोळाव्या अध्यायातले शेवटचे वचन, चिठ्ठीचा निकाल प्रभूकडून येतो असे सांगणारे, आपण फार वापरतो. पण प्रभूची सत्ता चिठ्ठीवरही आहे म्हणजे ती फक्त चिठ्ठीतूनच बोलते असे नव्हे. डॉक्टरच्या अभ्यासावर आणि तुमच्या डोक्यावर त्याची सत्ता नाही काय?

आणखी एक पाहा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पहिला: चिठ्ठी. अध्याय दुसरा: पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याचे आगमन. त्यानंतर सहाव्या अध्यायात विधवांच्या वाटपाचा तंटा उभा राहिला आणि सात माणसे नेमायची वेळ आली. तेव्हा चिठ्ठी टाकली नाही. ज्यांचे नाव चांगले आहे, जे आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेले आहेत असे सात जण शोधून काढा, असे मंडळीला सांगितले. आत्मा मिळाल्यावर मंडळीचे काम वाढले.

इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चमध्ये आजही पोपची शेवटची निवड चिठ्ठीने होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये डोळे बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी उचलली आणि तावाद्रोस दुसरे पोप झाले. पण त्या पात्रात तीनच नावे होती आणि तिथवर पोचण्याआधी पारखणी आणि मतदान झाले होते. चिठ्ठी शेवटच्या पायरीवर होती. आपण ती पहिल्या पायरीवर आणून ठेवली आहे.

प्रभू येशूने स्वतः काय शिकवले? लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आणि राजा, ज्याच्याकडे दहा हजार सैन्य आहे आणि समोरून वीस हजार येत आहे, तो आधी बसून मसलत करतो. दोन्हीकडे ‘बसून’ हा शब्द आहे. मला तो फार आवडतो. शिष्य होण्याची किंमत सांगताना प्रभूने हे दाखले दिले, हे खरे. पण आत्म्याच्या सर्वांत मोठ्या निर्णयातही हिशेब करून या असे तो म्हणत असेल, तर स्कूटीच्या कर्जासाठी करायला काय हरकत? उलट मंदिराच्या शिखरावर, खाली उडी टाक आणि देव झेलतो की नाही ते बघ, असे सुचवणारा कोण होता तेही आठवा. तोसुद्धा शास्त्राचाच आधार देत होता.

संतांमध्ये या बाबतीत मला इग्नेशियस लोयोला जवळचे वाटतात. आपल्या गोंयच्या सायबाचे, संत फ्रान्सिस झेवियरचे, ते गुरू आणि सोबती. १५२२ साली, नुकतेच मन पालटलेले असताना, ते मोंतसेरातच्या वाटेवर होते. वाटेत एक मुस्लिम प्रवासी भेटला. पवित्र मरियेविषयी वाद झाला आणि तो माणूस पुढे निघून गेला. इग्नेशियसच्या मनात आले, मातेचा अपमान झाला, गाठून सुरा खुपसावा काय? ठरेना. तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर मारायचा, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचा. गावाची वाट रुंद होती, गावही जवळच होते. तरी खेचर हमरस्त्याने गेले. एका माणसाचा जीव आणि एका संताचे पुढचे सगळे आयुष्य त्या दिवशी जनावराच्या पायांवर टांगले होते. म्हातारपणी ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगून ठेवली. आणि त्याच माणसाने पुढे ‘आत्मिक साधना’ लिहिली तेव्हा निर्णयाची कोणती रीत सांगितली? एक मार्ग घेतला तर लाभ काय, तोटे काय. तो सोडला तर लाभ काय, तोटे काय. हे वेगवेगळे मांडा. बुद्धी कुठे झुकते ते पाहा, आणि मग तो निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवा. खेचरापासून या चार रकान्यांपर्यंतचा प्रवास म्हणजेच माझ्या मते श्रद्धेची वाढ. संत ऑगस्टीनचेही तसेच. मिलानमधल्या बागेत पुस्तक उघडून त्यांना वाट सापडली, पण पुढे बिशप झाल्यावर शुभवर्तमानाची पाने उलटून संसाराच्या प्रश्नांची उत्तरे काढण्याची लोकांची सवय आपल्याला आवडत नाही, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले.

आमच्या पॅरिशमधल्या एका मावशींची गोष्ट त्यांच्याच परवानगीने सांगते. छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी तपासणीला बोलावले होते. मावशींनी चिठ्ठ्या टाकल्या, ‘नको’ निघाले. मला म्हणाल्या, “बाय, देवानं नको म्हटलंय की. आता कशाला जायचं?” मी वाद घातला नाही. गीतांच्या कागदाच्या पाठीवर एक चौकोन काढला आणि त्याची चार घरे केली. तपासणीला गेलात आणि काही नसले, तर एक दिवस आणि थोडे पैसे गेले, पण घोर मिटला. गेलात आणि काही निघाले, तर लवकर कळले, उपचार हाताशी आहेत. नाही गेलात आणि काही नसले, तर गेले काही नाही, पण रोज रात्री हात तिथेच जाणार. नाही गेलात आणि काही असले तर? हे चौथे घर मी रिकामे ठेवले. मावशींनी बराच वेळ त्या घराकडे बघितले.

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. म्हणजे चौथ्या घरात पोचण्याची शक्यता कमीच. पण शक्यता कमी म्हणून ते घर लहान होत नाही, कारण तिथे जे गमवायचे ते फार मोठे आहे. शक्यता आणि नुकसान दोन्ही एकत्र तोलायचे असतात. हे तोलणे ब्लेझ पास्कल यांनी शिकवले. १६५४ च्या उन्हाळ्यात आणि शरदात त्यांचा आणि फेर्मांचा पत्रव्यवहार चालला होता. अर्ध्यावर मोडलेल्या खेळातली रक्कम दोघा खेळाडूंत कशी वाटावी, हा त्यातला प्रश्न. खेळ पुढे चालला असता तर किती तऱ्हांनी संपला असता त्या सगळ्या तऱ्हा मोजा, असे त्यांचे उत्तर होते, आणि संभाव्यतेचे गणित तिथून उभे राहिले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कलना देवाचा असा अनुभव आला की तो लिहिलेला कागद त्यांनी कोटाच्या अस्तरात शिवून मरेपर्यंत अंगावर बाळगला. गणित आणि तो कागद, दोन्ही एकाच माणसाचे, एकाच वर्षातले.

मावशी सुनेला घेऊन तपासणीला गेल्या. रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही. लिहिले तर तुम्ही त्यावरून ठरवाल की जाणे बरोबर होते की नाही. काही नव्हते तर म्हणाल, ‘बघा, चिठ्ठी खरी होती’. काही निघाले तर म्हणाल, ‘टीचर जिंकल्या’. दोन्ही चूक. त्या दिवशी त्यांना जेवढे माहीत होते तेवढ्यावर जाणेच शहाणपणाचे होते, निकाल काहीही लागो. हेल्मेट न घालता सुखरूप घरी पोचलेल्या मुलाचा निर्णय चांगला ठरत नाही, आणि सगळे नीट करूनही ज्याचे पीक बुडाले त्याचा वाईट ठरत नाही. आपण मात्र निकाल बघून माणसाची श्रद्धा मोजतो. ‘त्यांनी प्रार्थना कमी केली असेल’ असे शब्द मी मयताच्या घरी ऐकले आहेत. तऱ्हा मोजायला शिकलो तर निदान हा क्रूरपणा तरी कमी होईल.

चिठ्ठीची एक बाजू मात्र गणितात येत नाही, आणि ती न लिहिणे अप्रामाणिक होईल. घरात जिचे कुणी ऐकत नाही ती सून चिठ्ठी टाकते, कारण चिठ्ठीचे सासरेही ऐकतात. एकटीने घेतलेला निर्णय चुकला तर जन्मभर टोमणे. चिठ्ठीने घेतलेला चुकला तर देवाची इच्छा. अशा बाईला ‘शक्यता मोजा’ म्हणून उपदेश करणे सोपे आहे. तिच्याबरोबर कुणी बसत नाही म्हणून ती कागदाबरोबर बसते. हा दोष तिचा नाही, आमच्यासारख्यांचा, मंडळीचा आहे.

म्हणून आम्ही तिघींनी ठरवले आहे. मंगळवारी भक्ती संपल्यावर, साडेसहा ते आठ, आम्ही कॅटेकिझमच्या खोलीत बसू. एक निवृत्त नर्स आहे, एक बँकेत होती, आणि मी आहे. कर्ज, तपासणी, परदेश, लग्न, जे असेल ते घेऊन या. तिथे ऐकलेले खोलीबाहेर जाणार नाही. सासऱ्यांना समजवायला कुणी हवे असेल तर घरीही येऊ. आधी प्रार्थना करू, मग कागदावर घरे आखू. आणि सगळे मोजून झाल्यावर दोन वाटा खरोखरच समसमान निघाल्या, तर चिठ्ठ्या मी स्वतः लिहून देईन. येताना डॉक्टरांचे कागद, बँकेचे कागद आणि एजंटने दिलेली पावती मात्र विसरू नका.